बोटात बरोबर बसलेली अंगठी

१

सूर्यमाळच्या पाड्यावरून माघ्या खोडाळ्यात उतरला आणि गोदीच्या ओट्यावर न बसता उभाच राहिला, तेव्हाच गोदीनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. परवा साखरपुड्यात ह्याच माणसानं तिच्या हातावर साखर ठेवून "आता घर एकच झालं" म्हटलं होतं. आज त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. त्यानं खिशातून पळसाच्या पानाची पुडी काढली आणि ओट्यावर उलगडली.

"विहीणबाय, ही वळखा."

पुडीत अंगठी होती. साधी, जाड पट्टीची, बिनखड्याची. गोदीच्या वारलेल्या नवऱ्याची, बुधाची. नातू संदीपच्या साखरपुड्यासाठी मोखाड्याच्या सोनाराकडून लहान करून आणलेली आणि परवा संदीपनं माघ्याच्या प्रमिलाच्या बोटात घातलेली. फक्त परवा ती पिवळीधमक होती. आज एका कडेला मुलामा उडाला होता आणि खालून भांड्याच्या बुडासारखा काळपट रंग डोकावत होता.

"काल पोरीनं पाव्हण्यांचे हंडे चिंच नी राखेनं घासले," माघ्या म्हणाला. "हंडे उजळले, अंगठी काळी झाली. चिंचेला भिणारं सोनं मी तरी नाय पाहिलं. माझे पोरीला पितळ घातलंस?"

गोदीचा मुलगा हरेश, संदीपचा बाप, पंचायत समितीत कारकून. तो हातातला डबा तसाच ठेवून पुढं आला. "घालताना सगळ्यांनी पाहिली ना? सोन्याचीच होती. तुमच्या घरी गेल्यावर काय झालं ते आम्हाला काय माहीत?"

म्हणजे चोर तुम्ही. बोलायचं राहिलं नव्हतं काही.

माघ्यानं डोक्याचं फडकं काढून परत बांधलं. आवाज चढवला नाही. "उद्या सांज व्हायचे आत पाड्याची माणसं बसवतो. सोनं आणा, नायतर तुमची साखर तुम्हाला परत. आम्ही डोंगराची माणसं, पण पोर पितळावर नाय देत."

तो वळला. गोदीनं हाक मारली, "माघ्याभाऊ, उद्या येते मी. सोनं घेऊन येते आणि चोराचं काय करायचं तेही ठरवून येते."

बोलून तर गेली. हातात चोर नव्हता, सोनं नव्हतं. होता तो फक्त शब्द, आणि आजवर गोदीचा शब्द खाली पडलेला खोडाळ्याच्या बाजारात कोणी पाहिला नव्हता. पोर तिनंच निवडली होती. जव्हारची शिकलेली मुलगी सोडून डोंगरावरची कशाला, असं घरात सगळे म्हणत असताना तिनं ठणकावलं होतं, "बाजारात नागली विकताना मापाड्याला दोनदा माप करायला लावते ती पोर. मला तशीच पाहिजे." ती पोर आता ह्या पितळापायी जाणार होती.

२

हरेशनं चष्मा लावून अंगठी उन्हात धरली. माणूस कारकून, पण डोळा बारीक.

"आई, अंगठी लहान करायची म्हणजे सोनार ती कापतो, मधला तुकडा काढतो आणि टोकं परत जोडतो. बरोबर?"

"मला काय विचारतोस, मी काय सोनारीण हाय?"

"मग आत सांधा दिसायला हवा. हिला कुठंच सांधा नाही. ही कधी कापलेलीच नाही. तयार घेतलेली आहे, जव्हारच्या बाजारात वन ग्रॅमवाल्याकडे मिळते तसली."

गोदीनं अंगठी हातात घेऊन तोलली. हलकी, भुशासारखी. बुधाची अंगठी हातात घेतली की हात खाली जायचा. आणि तिला एक खूण होती. गवत कापताना एकदा कोयता सटकून बोटावर आला, तो अंगठीवर अडला. बोट वाचलं, अंगठीला तळव्याच्या बाजूनं खाच पडली. लहानपणी नीता, गोदीची लेक, बापाचं ते बोट धरूनच बाजारात यायची. खाचेत नख घालून चालायची.

"परवा हातात घेतली असतीस तर तेव्हाच कळलं असतं," हरेश म्हणाला.

"परवा ती कोणाच्या हातात होती? आत्याच्या ताटात."

ह्यांच्या घरची रीत तशी. अंगठीचं ताट फडकं घालून नवऱ्या मुलाच्या आत्याच्या मांडीवर. निघाल्यापासून अंगठी बोटात जाईपर्यंत ते खाली ठेवायचं नाही. संदीपची आत्या म्हणजे नीता. ती जव्हारहून आदल्या दिवशीच आली होती. सकाळी गोदीनं तांदळाच्या कणगीतला डबा काढून तिच्या हवाली केला आणि जीपमधून सगळे पाड्यावर गेले. संदीप तर ठाण्याहून थेट पाड्यावरच उतरला होता. त्यानं अंगठी उचलली ती बोटात घालण्यापुरतीच.

"म्हणजे एक तर पाड्यावर मागाहून बदलली," हरेश म्हणाला, "नाहीतर सोनारानंच आपलं सोनं ठेवून घेतलं."

गोदीनं पदर खोचला. पदराच्या टोकाला एक गाठ होती. सोनारानं कापून उरलेला तुकडा गुलाबी कागदाच्या पुडीत परत दिला होता, तो तिनं आला तसा तिथं बांधून ठेवला होता. उघडून बघायला मन झालं नव्हतं. नवऱ्याचा तुकडा काय बघायचा.

"जीप थांबव," ती म्हणाली. "त्या तुळशीदासच्या तोंडावर मारते ही."

३

मोखाड्याला बाजाराचा दिवस. तुळशीदास सोनाराच्या पेढीवर बायका मंगळसूत्रं गाठवून घ्यायला बसल्या होत्या. गोदी आत शिरली ती चपला न काढताच.

"तुळशीदास, आजपासून पितळेची मोड पण घेतोस का? ही घे. तुझीच हाय."

बायका सरकल्या. तुळशीदास अंगानं भारी आणि तोंडानं त्याहून. "गोदीबाई, माझ्या बापानं ह्या पेढीवर राजवाड्याचे दागिने..."

"तुझ्या बापाला मी वळखत होते. तो उभ्या गावात एकदाच खरं बोलला, मरताना. अंगठी बघ."

त्यानं अंगठी पाहिली. नखानं खरवडली. मग तो एकदम शांत झाला, आणि तेच गोदीला आवडलं नाही. चोर असा शांत होत नसतो.

"ही माझ्या दुकानातून गेलेली नाही."

"चोर असंच म्हणतो."

"चोर म्हणालात, आता बघून जा." त्यानं गल्ल्यामागच्या खिळ्याकडे हात केला. तिथं मापाचे दोरे लटकत होते, काळे, पांढरे. त्यातून एक पिवळा दोरा त्यानं अचूक ओढला. "नाव विचारावं लागत नाही. हळदीचा दोरा तुमच्याच घरचा येतो."

ते खरं होतं. कोऱ्या सुतानं माप घेतात ते मेलेल्याचं, असं गोदीच्या सासूनं तिला शिकवलं होतं. म्हणून पाड्यावरून नीतानं प्रमिलाच्या बोटाला गाठ मारून आणलेला दोरा गोदीनं स्वतः हळदीच्या पाण्यात बुडवला आणि चुलीशी वाळवून पाठवला.

तुळशीदासनं वर बारीक, खाली जाड होत जाणारी सळई उभी धरली. दोऱ्याचं वेढं तिच्यावर सोडलं. ते वरच अडकलं. मग पितळेची अंगठी सोडली. ती दोऱ्याला ओलांडून खाली घसरली आणि बरीच खाली जाऊन थांबली.

"मी दोऱ्यावर बेतली. माझी अंगठी इथं थांबेल. ही केवढी मोठी! मी फसवायचं ठरवलं असतं तर पितळसुद्धा दोऱ्याच्याच मापाचं दिलं असतं ना? मुलीचं बोट मी कुठं पाहिलंय? आणि तुमच्या सूनबाईंना मी तेव्हाच म्हटलं होतं, हे माप पोराबाळाचं वाटतं, अंगठी आवळ होईल."

"रोहिणीला म्हणालास?"

"त्यांनाच. तुमची खाच होती तिथं सोनं झिजलेलं होतं, म्हणून तिथंच कापलं आणि तुकडा पुडीत दिला, तोही त्यांच्याच हातात."

बायका आता गोदीकडे बघत होत्या. माफी मागणं हे तिच्या जिभेला कधी जमलं नव्हतं. तिनं चपला काढल्या, पेढीच्या खाली नीट ठेवल्या आणि म्हणाली, "पाणी आण. ऊन लागलंय मला."

तुळशीदासनं पाणी दिलं. तेवढ्यात मिटलं ते. पण गोदीनं तांब्या अर्धा तसाच ठेवला. सून गप्प का बसली?

४

रोहिणी विहिरीवर सापडली. चैत्रात खोडाळ्याच्या विहिरी तळ दाखवतात. हांडा बुडवायला दोर पुरत नाही आणि बायका एकमेकींच्या दोरांना गाठी मारतात. गोदीनं आजूबाजूला पाहिलंही नाही.

"सोनार तुला म्हणाला का, अंगठी आवळ होणार म्हणून?"

"म्हणाला," रोहिणी दोर ओढत म्हणाली.

"मग मला का नाय सांगितलंस?"

"सांगून? नीताताईंनी घेतलेलं माप ते. त्यांच्या मापाला मी नावं ठेवली असती तर तुम्ही मलाच सळईवर चढवलं असतं."

शेजारची बाई खुदकन हसली. गोदीनं तिच्याकडे पाहिलं तशी ती हांड्यात तोंड घालून बसली.

"अंगठीवर तुझा डोळा होता का? खरं बोल."

"होता. लग्न होऊन आले तेव्हा होता." रोहिणीनं हांडा काठावर आपटला. "द्यायची असती तर तेव्हाच दिली असतीत. आता माझं बोट तरी कुठं तेवढं बारीक राहिलंय? आणि एक सांगते आई. साखरपुड्यात संदीपनं अंगठी घेतली तेव्हा मी श्वास धरून बसले होते. म्हटलं, आता ही पेरावर अडकणार, चारचौघांत शोभा होणार. पण ती सुळकन गेली. मीच चकित झाले. म्हटलं, सोनाराला काही कळत नाही."

सुळकन गेली. गोदीलाही ते आठवलं. बोटासाठीच घडवल्यासारखी बसली होती. बायका म्हणाल्या होत्या, "काय माप घेतलंय!"

रोहिणीनं हांडा परत सोडला. तो पाण्याच्या वीतभर वरच लोंबकळला. "बघा. अंबाडीचा नवा दोर, कालच मापून आणला. काल पुरला, आज पुरत नाही."

"कोरा मापलास ना? अडाणी कुठली. नवा दोर आधी भिजवायचा, वाळवायचा आणि मग मापायचा. भिजला की तो आखड..."

गोदीचं वाक्य तोंडातच राहिलं. ती विहिरीवरून उठली आणि तरातरा घराकडे निघाली. मागून रोहिणी ओरडली, "आई, झालं काय?"

घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातलं कच्चं सूत काढलं. स्वतःच्या बोटाला वेढा दिला, गाठ मारली, वेढं काढलं. हळद कालवली, ते बुडवलं, पिळलं आणि चुलीच्या कडेला टाकलं. एक भाकरी भाजून होईपर्यंत सूत वाळलं. मग तिनं ते परत बोटात घालायला घेतलं.

पेरावर येऊन ते अडलं. ओढलं तरी पुढं जाईना.

गोदी चुलीपुढं फतकल मारून बसली. नीतानं माप बरोबर घेतलं होतं. सोनारानं अंगठी दोऱ्याबरहुकूम केली होती. मधे हळद लावून माप आखडलं ते तिनं, गोदीनं. म्हणजे खरी अंगठी प्रमिलाच्या बोटात जाणं शक्यच नव्हतं. आणि साखरपुड्यात गेली ती सुळकन. म्हणजे बोटात गेली तेव्हाच ती पितळेची होती. माघ्याचं घर संशयातून सुटलं.

मग घरच्यांपैकी कोण? ज्यानं घरातल्या खऱ्या अंगठीवरून जोड आणली असती, त्यानं ती आवळच आणली असती. रोहिणीला तर बोट किती ते माहीतच नव्हतं, ती मापाला पाड्यावर गेलीच नव्हती. हरेश, संदीप, सोनार, कोणालाच नाही. नकली आणणाऱ्यानं ना दोरा पाहिला ना अंगठी. त्यानं थेट पोरीचं बोट पाहिलं होतं.

बोट पाहिलेलं माणूस एकच होतं. माप घेऊन आली त्या दिवशी ह्याच चुलीशी बसून ती हसत म्हणाली होती, "आई, पोरीचा हात अगदी माझ्यासारखा. माझी अंगठी घालून पाहिली तिला, बरोब्बर बसली."

आणि ताट कोणाच्या मांडीवर होतं, ते तर सगळ्या पाड्यानं पाहिलं होतं.

भाकरी तव्यावर करपली. गोदीला वास आला नाही.

५

सकाळच्या एसटीनं ती जव्हारला उतरली. नीताचा नवरा शाळेत शिकवायला गेला होता. नीता दारातच थबकली.

"आई? एकटीच?"

"हात दे."

"आधी बस तरी, चहा..."

"नीते, हात दे."

नीतानं हात पुढं केला. गोदीनं पदरातून पितळेची अंगठी काढली आणि लेकीच्या बोटात सरकवली. ती कुठं न अडता मुळापर्यंत गेली. घडवल्यासारखी बसली.

गल्लीत भंगारवाला ओरडत होता.

"चोर म्हणून पाड्यावर कोणाचं नाव घेतलं जातंय, माहीत हाय?" गोदी म्हणाली. "त्या पोरीच्या बापाचं. तुझ्या भावानं घेतलं. आज सांजेला ती सोयरीक मोडणार. मोखाड्यात मी सोनाराला चोर म्हटलं, विहिरीवर सुनेला म्हटलं. जिथं थुंकायचं तिथं सोडून गावभर थुंकत फिरले."

नीता खाली बसली. रडली नाही. बापासारखीच, दातांवर दात.

"विकायची नव्हती मला."

"ते कळतंय. विकणारी जोड आणत बसत नाय."

"बाबा गेले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. तू म्हणालीस, मुलीनं माहेरचं सोनं मागू नये. बरं, मी गप्प बसले. मग तूच मला पाठवलंस, जा, त्या पोरीच्या बोटाचं माप आण म्हणून. मीच माप आणायचं? माझ्या बाबांची अंगठी तिच्या बोटात जावी म्हणून?" तिनं मान वळवली. "ताट घेऊन जीपमध्ये बसले तेव्हाच फडक्याखाली बदलली. धड बघितलीसुद्धा नाही. लगेच कमरेला खोचली."

"आण."

नीतानं पिठाच्या डब्यातून रुमाल काढला. त्यात बुधाची अंगठी होती. आता लहान, आतून सांध्याची फिकट रेघ.

"घरी येऊन बघितली," नीता म्हणाली आणि इथं मात्र तिचा आवाज फुटला. "आई, हिच्यात खाच नाही गं. मी रोज काढून बघते. नख फिरवते. सगळीकडून गुळगुळीत. ज्याच्यासाठी चोरली तेच नाही हिच्यात. आणि परत तरी कशी आणून द्यायची?"

गोदी उभीच होती. मग तीही खाली बसली. पदराच्या टोकाची गाठ घट्ट झाली होती, दातांनी सोडवावी लागली. गुलाबी पुडी बाहेर आली. तिनं ती लेकीच्या तळहातावर ठेवली.

"उघड. मी नाय उघडली अजून."

आत नखाएवढा सोन्याचा तुकडा होता, किंचित वाकलेला. मधोमध कोयत्याची खाच.

नीतानं त्यात नख घातलं. बरोबर बसलं.

"अंगठी चोरलीस," गोदी म्हणाली, "आणि बाप माझ्या पदरात होता. हे तू ठेव. कडी जोडून गळ्यात अडकव, नायतर डब्यात घाल. पण आधी तोंड धू आणि नवी साडी नेस. तू माझ्यासंगती येणार हायस."

"पाड्यावर? मी तोंड कसं दाखवू?"

"ताट आत्याच्या मांडीवर असतं. अंगठी बोटात जाईपर्यंत खाली ठेवायचं नाय. ती अजून गेलेली नाय."

६

उन्हं कलली तेव्हा सूर्यमाळच्या पाड्यावर माणसं बसली होती. मधे माघ्या, शेजारी परत द्यायच्या साखरेची पुडी. हरेश आणि रोहिणी आधीच येऊन एका कडेला अवघडून बसले होते. नीता ताट मांडीवर घेऊन बसली. जव्हारहून निघाल्यापासून तिनं ते कुठं खाली ठेवलं नव्हतं.

"सोनं आणलं," गोदी म्हणाली. "नीते, घाल."

प्रमिलानं हात पुढं केला. नीतानं अंगठी सरकवली. ती पेरावर येऊन थांबली. नीतानं जरा दाबली, पोरीनं ओठ आवळले, पण अंगठी पुढं जाईना.

माणसांत कुजबुज झाली. "मागची तं बसली होती," माघ्या म्हणाला. "ही तं बसत पण नाय. ही तरी खरी कशावरून?"

"बसत नाय म्हणूनच," गोदी म्हणाली. "बरोबर बसली ती खोटी होती. चिंच आणा."

एका म्हातारीनं चिंच आणली, राख आणली आणि पाड्यादेखत अंगठी चोळचोळ चोळली. अंगठी होती त्याहून उजळ झाली. म्हातारीनं ती तळहातावर तोलली आणि मान डोलावली. साखरेची पुडी मागं सरकली.

"पण बदलली कोणी?" माघ्यानं विचारलं. "चोराचं ठरवून येते म्हणालीस."

नीतानं मान वर केली. बोलायला तोंड उघडलं. पण तिच्याआधी प्रमिला बोलली. ती मघापासून नीताच्या बोटाकडे बघत होती. तिथं दिवसभर बोटात राहिलेल्या पितळेच्या अंगठीचं काळपट वळं उमटलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "सोनं आलं ना? मापाड्याला मी दोनदा माप करायला लावते. तिसऱ्यांदा नाय लावत."

आणि तिनं नीताचा हात आपल्या हातात घेऊन पदराखाली झाकला. गोदीनं ते पाहिलं. पोर निवडताना आपण चुकलो नव्हतो, एवढं तिनं मनाशी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं ते दुसरंच.

"घर माझं, तर चोर पण माझाच. त्याला काय द्यायचं ते मी दिलंय. गळ्यात वागवील जन्मभर."

माघ्यानं पाण्याचा तांब्या मागवला, स्वतः घोट घेतला आणि तिच्याकडे सरकवला. डोंगरावर चैत्रात पाण्याचा घोट देणं म्हणजे काय, हे गोदीला सांगावं लागत नव्हतं.

तिनं गळ्यातल्या माळेतून सोन्याचा एक मणी ओढून काढला. दोरा तुटला, काचेचे मणी मांडीवर सांडले, तिनं तिकडं पाहिलंही नाही. मणी आणि अंगठी माघ्याच्या हातावर ठेवली.

"तुळशीदासकडं ने. हा मणी घालून मोठी करायला सांग. माझं नाव घे, म्हणजे तो शिव्या देईल पण काम नीट करील."

"माप?" माघ्यानं विचारलं. रोहिणीनं कमरेची पिशवी चाचपली. "सूत आहे माझ्याकडे. हळद पण..."

"गप्प बस," गोदी म्हणाली. "दोरा न्यायचा नाय. पोरीचं बोटच घेऊन जा."